मिरज ते न्यू जर्सी : एका तासाच्या गाण्याचा हिशोब

पहाटेचे साडेपाच. मिरजेच्या आमच्या घरात शोकेसच्या ज्या कप्प्यात पूर्वी अण्णांचा टेपरेकॉर्डर असायचा, तिथे आता पत्त्यांच्या जोडाएवढी एक डबी आहे. तिच्यावरचा हिरवा दिवा भराभर मिचमिचू लागतो. अण्णा समोर चहा घेत बसलेले असतात. "ताईने गाणं लावलं," ते म्हणतात. न्यू जर्सीत तेव्हा उन्हाळ्यातल्या आदल्या दिवसाचे रात्रीचे आठ वाजलेले असतात. ताईच्या स्वयंपाकघरात अण्णांच्या कॅसेटवरचा तानपुरा सुरू झालेला असतो.

ही डबी म्हणजे एक छोटा संगणक. त्यावर नॅव्हिड्रोम नावाची मोफत प्रणाली चालते. घरातला संगीतसंग्रह ती नीट लावून ठेवते आणि घरच्या माणसांना, ती कुठेही असोत, फोनवर ऐकवते. डबीला पाच वॅट वीज लागते. वर्षभर अखंड चालू ठेवली तरी ४४ युनिट; पंचाहत्तर वॅटचा छताचा पंखा चोवीस दिवस सलग फिरवला तर तेवढीच वीज जाते.

अण्णांनी चाळीस वर्षांत जमवलेला संग्रह असा : मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या ९० तबकड्या, २१० एलपी, ९०० कॅसेट आणि ४०० सीडी. एकूण सुमारे १,५०० तासांचे गाणे. रोज दोन तास ऐकले तरी संपायला दोन वर्षांहून अधिक लागतील. त्यातला एक तास मिरजेहून न्यू जर्सीला पोचतो म्हणजे नेमके काय काय घडते, याचा हिशोब मी एका रविवारी वहीत मांडायला बसलो. वही संपत आली तरी थक्क होणे संपले नाही.

सेकंदाला ८८,२०० आकडे

सुरुवात आवाजापासून. संगणकाला सूर कळत नाही, आकडा कळतो. म्हणून ध्वनीची लहर ठरावीक अंतराने मोजावी लागते. माणसाच्या कानाला सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो, आणि एखादी लहर हुबेहूब पुन्हा उभी करायची तर ती तिच्या कंपनसंख्येच्या दुपटीहून अधिक वेळा मोजावी लागते. १९८२ साली सीडी बाजारात आली तेव्हा हा आकडा सेकंदाला ४४,१०० ठरलेला होता. नेमका ४४,१०० का? कारण सुरुवातीला हे आकडे साठवायला टीव्हीच्या व्हिडिओ टेपच वापरत. पडद्यावरच्या प्रत्येक ओळीत तीन मापे, अशा २४५ ओळी, त्या सेकंदाला साठ वेळा. गुणाकार करून पाहा, ४४,१०० येतात.

काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाचा मध्य षड्ज सेकंदाला सुमारे १३९ कंपनांचा असतो. म्हणजे त्या षड्जाच्या एकेका लहरीची ३१७ मापे घेतली जातात. प्रत्येक माप ६५,५३६ पायऱ्यांपैकी कुठल्या तरी एका पायरीवर बसते. डावा आणि उजवा असे दोन आवाज धरले तर सेकंदाला ८८,२०० आकडे झाले. तासाला ३१,७५,२०,०००. एकतीस कोटी पंचाहत्तर लाख वीस हजार.

हे आकडे कुणी हाताने वहीत उतरवायचे ठरवले, सेकंदाला एक या वेगाने, न झोपता, न जेवता, तर एका तासाच्या गाण्याला दहा वर्षे लागतील. अण्णांच्या संपूर्ण संग्रहाला पंधरा हजार वर्षे. संग्रहातल्या एकूण आकड्यांची संख्या ४७,६२८ कोटींच्या घरात जाते.

आता या डोंगराचे आकारमान बघा. प्रत्येक आकड्याला दोन बाइट लागतात, म्हणजे सगळे मिळून सुमारे ९५० गिगाबाइट. हे सारे, काहीही न दाबता, एक टेराबाइटच्या मेमरी कार्डावर मावते. त्या कार्डाची लांबी १५ मिलिमीटर आणि रुंदी ११ मिलिमीटर, करंगळीच्या नखाएवढी. उलट साठ मिनिटांच्या एका कॅसेटमध्ये सुमारे ८६ मीटर फीत असते, कारण ती सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या वेगाने सरकते. अण्णांच्या ९०० कॅसेटची फीत एकापुढे एक जोडली तर ७७ किलोमीटर भरेल. मिरजेहून कोल्हापूरला जाऊन परतीची निम्म्याहून अधिक वाट ती झाकेल. एलपीच्या एका बाजूवर सुईने कापायची खाच साडेचारशे मीटरच्या आसपास असते. आणि एका सीडीवरची गोल गोल फिरत जाणारी रेघ सरळ केली तर पाच किलोमीटर. तिच्या दोन वेढ्यांमधले अंतर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या जेमतेम दीडपट. चारशे सीडींची ती रेघ दोन हजार किलोमीटर होते. हे सारे अंतर त्या नखाएवढ्या कार्डात मावते.

डबीत आम्ही गाणी 'फ्लॅक' पद्धतीने ठेवली आहेत. त्यात एकही आकडा हरवत नाही, फक्त पुनरुक्ती टळते, आणि जागा जवळजवळ निम्मी लागते. आमचा संपूर्ण संग्रह त्यामुळे ५२० गिगाबाइटच्या आसपास येईल. या कामात एक गोष्ट लक्षात आली. जुन्या टेपची सरसर सुरापेक्षा जास्त जागा खाते. सुराला आकार असतो, त्याची पुढची चाल थोडीफार ओळखता येते, म्हणून तो आटोपशीर लिहिता येतो. सरसरीला आकारच नसतो, त्यामुळे तिचा कण न् कण लिहून ठेवावा लागतो.

घराचा पत्ता आणि परार्ध

गाणे डबीत आले. आता ते ताईपर्यंत जायचे तर तिच्या फोनला आमच्या घराचा पत्ता हवा. इंटरनेटवरचा पत्ता म्हणजे ३२ बिटांचा आकडा, हे १९८१ साली ठरले. असे पत्ते एकूण ४,२९,४९,६७,२९६ होतात. सव्वाचारशे कोटींहून अधिक पत्ते त्या काळी न संपणारे वाटले असतील. पण फेब्रुवारी २०११ मध्ये जगाच्या मध्यवर्ती साठ्यातला शेवटचा गठ्ठाही वाटला गेला. म्हणूनच इंटरनेट पुरवणाऱ्या बऱ्याच कंपन्या एकाच पत्त्यामागे अनेक घरे बसवतात. एका वाड्यात पुष्कळ बिऱ्हाडे असावीत आणि टपाल फक्त वाड्याच्या नावावर यावे, तसे. आतून बाहेर जाणाऱ्याला दार उघडे असते. बाहेरून येणाऱ्याला मात्र कुठल्या बिऱ्हाडात जायचे ते कळत नाही. घरचे गाणे बाहेरून ऐकताना बहुतेकांची पहिली अडचण हीच असते. तिच्यावरचा उपाय असा, की डबीनेच आतून बाहेर एक धागा टाकायचा आणि तो धरून ठेवायचा. ताईचा फोन त्या धाग्याचे दुसरे टोक पकडतो.

नव्या पद्धतीचा पत्ता १२८ बिटांचा आहे. त्यात किती पत्ते होतात हे सांगायला मला भास्कराचार्यांकडे जावे लागले. 'लीलावती'त संख्यांची नावे एक, दहा, शंभर अशी चढत कोटी, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य करत परार्धापाशी थांबतात. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्ये. साडेआठशेहून अधिक वर्षांपूर्वीचा तो ग्रंथ, आणि तिथे त्याची यादी संपते. नव्या पद्धतीतले सगळे पत्ते समुद्रांसह साऱ्या पृथ्वीच्या पाठीवर सारखे पसरले, तर दर चौरस मिलिमीटरवर साडेसहा परार्धांहून अधिक पत्ते येतात. मोहरीच्या दाण्याखालच्या जागेत भास्कराचार्यांच्या शेवटच्या संख्येहून कितीतरी अधिक घरे!

धाग्यावरून जाणारे गाणे वाटेत कुणाला वाचता येऊ नये म्हणून ते कुलूपबंद होऊन जाते. आम्ही वापरतो त्या वायरगार्ड पद्धतीत किल्ली २५६ बिटांची असते. अशा किती किल्ल्या संभवतात? परार्ध, परार्ध, परार्ध आणि परार्ध हे चार एकमेकांना गुणा, आणि आलेल्या संख्येला पुन्हा सुमारे ११६ कोटींनी गुणा. एखाद्या यंत्राने दर सेकंदाला दहा परार्ध किल्ल्या लावून पाहिल्या, तरी विश्वाच्या आजवरच्या आयुष्यात त्यातला नगण्य अंशही तपासून होणार नाही. आमच्या घरातल्या एका भैरवीला एवढे कुलूप आहे, आणि ते बसवायला एक पैसाही लागला नाही.

वेसाव्यापासून अटलांटिकपार

गाणे अखंड धारेसारखे जाते असे वाटते, पण तसे नसते. त्याची छोटी छोटी पाकिटे होतात. एका पाकिटात सुमारे १,४०० बाइट, म्हणजे सेकंदाच्या सत्तराव्या भागाएवढे गाणे. एका तानेतही अशी कितीतरी पाकिटे जातात. तासाला अडीच लाख. प्रत्येकावर पाठवणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता आणि आपला क्रमांक. वाटेत समजा वीस ठिकाणी ते यंत्रांच्या हातातून गेले, आणि प्रत्येक यंत्राने पत्ता वाचून पुढची वाट ठरवली, तर एका तासाच्या गाण्यासाठी पन्नास लाख निर्णय झाले. एखादे पाकीट हरवले तर ताईचा फोन "अमुक क्रमांक मिळाला नाही" असे कळवतो आणि मिरजेची डबी तेवढेच पुन्हा पाठवते. ताईला याची चाहूलही लागत नाही, कारण फोनने पुढचे काही सेकंद आधीच जमवून ठेवलेले असतात.

मुंबईत वेसाव्याच्या किनाऱ्यावर, कोळीवाड्याच्या परिसरात, समुद्राखालच्या अनेक आंतरराष्ट्रीय केबल्स जमिनीवर येतात. खोल समुद्रातली केबल जाडीला बागेतल्या पाण्याच्या नळीएवढीच असते. तिच्या आत काचेचे तंतू, आणि तंतूचा ज्या भागातून प्रकाश जातो तो गाभा सुमारे नऊ मायक्रॉन, केसाच्या जाडीच्या सातव्या-आठव्या हिश्श्याएवढा. पश्चिमेकडे निघालेला प्रकाश बहुधा अरबी समुद्र, तांबडा समुद्र, इजिप्त आणि भूमध्य समुद्र ओलांडून युरोपात पोचतो आणि तिथून अटलांटिकखाली शिरतो. दर साठ ते शंभर किलोमीटरवर, समुद्राच्या तळाशी, त्याला पुन्हा बळ देणारे यंत्र बसवलेले असते. ज्या लेझरवर स्वार होऊन आमचा १३९ कंपनांचा षड्ज जातो, त्या लेझरचा प्रकाश स्वतः सेकंदाला सुमारे १९३ लाख कोटी वेळा कंप पावतो.

या वाटेचा इतिहास आठवला म्हणजे वेगाची खरी किंमत कळते. १८५८ साली अटलांटिकखालून पहिली तार गेली. राणी व्हिक्टोरियाचा ९८ शब्दांचा संदेश पलीकडे पोचायला सुमारे सोळा तास लागले. एका शब्दाला जवळजवळ दहा मिनिटे. १८७० साली मुंबई समुद्राखालच्या तारेने सुएझशी जोडली गेली. १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले, तेव्हा टेलिफोनच्या तारेवरून मिळणारा वेग होता सेकंदाला ९,६०० बिट. सीडीच्या प्रतीचे गाणे सेकंदाला १४,११,२०० बिट मागते, बरोबर १४७ पट. म्हणजे त्या वेळी तासाभराचे गाणे पाठवायला १४७ तास, सहा दिवस आणि तीन तास लागले असते, आणि तेवढा वेळ घरचा फोन अडकून पडला असता.

आज? २०१७ साली अमेरिका आणि स्पेन यांच्यामध्ये टाकून झालेल्या मारेआ या केबलची क्षमता सेकंदाला १६० लाख कोटी बिट अशी आखलेली होती. तिच्यावर सीडीच्या प्रतीची ११ कोटी ३३ लाख वेगवेगळी गाणी एकाच वेळी जाऊ शकतील. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या होती ११ कोटी २३ लाख ७४ हजार. चांद्यापासून बांद्यापर्यंतच्या प्रत्येक माणसाला, पाळण्यातल्या बाळालासुद्धा, त्याच्या आवडीचे वेगळे गाणे एकाच वेळी, एकाच केबलवर!

माझ्या वहीतला मला सर्वांत आवडलेला हिशोब मात्र लहान आकड्याचा आहे. मुंबईहून न्यूयॉर्कच्या बाजूला संदेश जाऊन उत्तर यायला साधारण २०० मिलिसेकंद लागतात. म्हणजे एका बाजूचा प्रवास १०० मिलिसेकंदांचा, सेकंदाचा दहावा भाग. हवेतून आवाज तेवढ्या वेळात फक्त ३४ मीटर जातो. पुण्यात १९५३ पासून सवाई गंधर्व महोत्सव भरतो. त्या मांडवात स्टेजपासून ३४ मीटरवर बसलेल्या रसिकाला थेट हवेतून येणारा सूर जितक्या उशिरा पोचेल, तितक्याच उशिरा मिरजेतले गाण्याचे पाकीट न्यू जर्सीला पोचते. तेच गाणे हवेतून तिथवर जाऊ शकले असते, तर त्याला साडेदहा तास लागले असते. जवळपास १३,००० किलोमीटरवर असलेली माझी बहीण, वेळेच्या मापाने, मांडवातल्या पस्तिसाव्या रांगेत बसलेली आहे.

जिथे घाई चालत नाही

इथवर सगळे आकडे विजेच्या आणि प्रकाशाच्या वेगाचे होते. आता शेवटचा हिशोब, जो मांडताना माझा हात जड झाला.

अण्णांचा संपूर्ण संग्रह, ५२० गिगाबाइट, आमच्या घरच्या १०० मेगाबिटच्या जोडणीवरून अमेरिकेला पाठवायचा तर बारा तास पुरतात. रात्री लावावा, सकाळी पोचलेला असेल. सीडी डबीत उतरवायलाही फार वेळ लागत नाही. एकेकीला पाच-सहा मिनिटे, म्हणजे चारशेंना सुमारे चाळीस तास. पण कॅसेट आणि तबकड्यांना घाई करता येत नाही. साठ मिनिटांची कॅसेट साठ मिनिटेच वाजणार. ९०० कॅसेटचे ९०० तास, एलपीचे १४०, जुन्या तबकड्यांचे १०. एकूण १,०५० तास. आम्ही दर रविवारी दोन तास देतो. त्या गतीने ५२५ रविवार होतात. दहा वर्षे.

आम्ही सहा वर्षांपूर्वी सुरुवात केली, आणि क्रम चुकवला. आधी एलपी घेतल्या, मग थोर गायकांच्या बाजारातल्या कॅसेट. ते गाणे मौल्यवान खरेच, पण त्याच्या प्रती जगात हजारो घरांत आहेत. तिसऱ्या वर्षी कपाटाच्या मागच्या कोपऱ्यातून नाव न लिहिलेली एक कॅसेट निघाली. अण्णांनी घरच्या टेपरेकॉर्डरवर केलेले आजीच्या जात्यावरच्या ओव्यांचे ध्वनिमुद्रण. फितीवर पांढरी बुरशी चढली होती. जपून पुसून, हाताने गुंडाळून आम्ही ती वाजवली. सुरुवातीची चार मिनिटे गेली होती. पुढे आजीचा आवाज आला, जात्याची घरघर आली, मध्येच कुणाला तरी तिने मारलेली हाक आली. त्या रात्री ताईने न्यू जर्सीत ती ऐकली आणि फोनवर बराच वेळ ती काही बोललीच नाही. मग एवढेच म्हणाली, "अण्णा, आधीचं काही नाहीच का हो?"

चार मिनिटे म्हणजे दोन कोटी अकरा लाख अडुसष्ट हजार आकडे. परार्धांच्या हिशोबात ते काहीच नाहीत. पण समुद्राखालची कुठलीही केबल ते आता आणून देऊ शकत नाही, कारण जगात त्यांची प्रत एकच होती.

म्हणून वाचकांना माझी कळकळीची विनंती आहे. डबी, पत्ता, कुलूप हे सगळे नंतरही जमेल. ते दरवर्षी सोपे होत जाते. कॅसेटची फीत मात्र दरवर्षी थोडी थोडी मरते. घरातल्या कॅसेटी आज खाली काढा. त्यातल्या बाजारात मिळणाऱ्या बाजूला ठेवा. आजोबांचे कीर्तन, आत्याचे मंगळागौरीचे गाणे, गावच्या भजनी मंडळाचा हरिपाठ, बाळाचा पहिला बोल, अशा ज्या जगात कुठेच मिळणार नाहीत, त्या आधी घ्या. उतरवलेल्या प्रत्येक गाण्याच्या तीन प्रती करा, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर ठेवा, आणि एक प्रत दुसऱ्या गावी, नातेवाइकांकडे राहू द्या. आमची ती प्रत ताईकडे आहे.

मिरजेहून न्यू जर्सीला जायला गाण्याला सेकंदाचा दहावा भाग पुरतो. फितीवरून डबीत यायला त्याला तुमचा एक रविवार लागतो. तो येत्या रविवारी द्या.